तीन दांड्यांची गोष्ट

आमच्या भिसेगावात आम्ही पोरं ज्या स्टंपांसमोर क्रिकेट शिकलो ते स्टंप कोळशाचे होते. गोष्ट १९८०च्या आसपासची. इस्त्रीवाल्याकडून विझलेला कोळसा मागून आणायचा आणि पिठाच्या गिरणीच्या मागच्या भिंतीवर तीन उभ्या रेघा ओढायच्या. उंची कमरेएवढी. पण कोणाच्या कमरेएवढी? जो ओढील त्याच्या. उंच पोरानं रेघा ओढल्या की बॅटिंगवाले कुरकुरत, बुटक्यानं ओढल्या की बोलिंगवाले. वर एक आडवी रेघ, ती बेल्सची. मृग लागला की कर्जतचा पाऊस हे सगळं धुऊन नेई आणि उघडीप मिळाली की आम्ही पुन्हा कोळसा शोधत फिरू. गिरणीवाले काका दिवाळीच्या आधी भिंतीला चुना काढत आणि आमच्याकडे बघून म्हणत, "घ्या, नवी पाटी!"

या भिंतीपाशी मी एकदा खोटं बोललो आहे. ते शेवटी सांगतो. त्याआधी या तीन दांड्या आल्या कुठून आणि त्या तीनच का, हे सांगायला हवं. माझ्या खोट्याचा त्या इतिहासाशी संबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं.

'विकेट' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ लहानसं फाटक. मोठ्या दरवाजात जसा दिंडीदरवाजा असतो, तसं. इंग्लंडातली मेंढपाळांची पोरं कुंपणाच्या अशा फाटकापुढे उभं राहून चेंडू टोलवत असत आणि त्यातून हा खेळ निघाला, असं सांगतात. 'स्टंप' म्हणजे तोडलेल्या झाडाचं खोड, खुंट. सुरुवातीला हे खुंट दोनच असत. १७४४ सालच्या नियमांत त्यांचं माप दिलेलं आहे : उंची २२ इंच, रुंदी ६ इंच, आणि वर एकच आडवी काडी. म्हणजे खरोखरच एक बुटकं फाटक, आणि मध्ये मोकळी जागा.

या मोकळ्या जागेनंच घोटाळा केला. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास तीन इंचांहून थोडा कमी. सहा इंचांच्या फाटकातून तो सहज आरपार जाई आणि वरची काडी जागची हलत नसे. फलंदाज चुकलेला, गोलंदाजाचा नेम अचूक, तरी फलंदाज नाबाद! २२ मे १७७५ रोजी लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर केंट आणि हॅम्पशायर यांच्या पाच-पाच गड्यांचा सामना होता. जॉन स्मॉल हा नावाजलेला फलंदाज शेवटच्या धावा काढत होता. समोर गोलंदाज होता एडवर्ड स्टीव्हन्स. त्याला सगळे 'लंपी' म्हणत. हा एका उमरावाच्या पदरी माळीकाम करणारा माणूस. त्यानं स्मॉलला तीनदा चकवलं. तिन्ही वेळा चेंडू दोन खुंटांच्या मधून निघून गेला. काडी पडली नाही. स्मॉलनं धावा पुऱ्या केल्या आणि सामना जिंकला.

बघणाऱ्यांनाही ते खटकलं. हा अन्याय आहे अशी चर्चा झाली आणि मधला, तिसरा खुंट आला. आपण ज्याला मधली दांडी म्हणतो तिचा जन्म असा झालेला आहे. कोण्या राजाच्या लहरीनं ती आलेली नाही. एका माळ्याचा चेंडू तीनदा खरा असून खोटा ठरला, म्हणून ती आली.

पुढे मापं वाढत गेली. १९३१ साली २८ इंच उंची आणि ९ इंच रुंदी हे माप आलं, १९४७ साली ते कायद्यात पक्कं झालं आणि आजही तेच आहे. गणित करून पाहा. २२ गुणिले ६ म्हणजे १३२ चौरस इंच आणि २८ गुणिले ९ म्हणजे २५२. गोलंदाजाचं लक्ष्य जवळजवळ दुप्पट झालं. एका दांडीची जाडी जेमतेम दीड इंच. नऊ इंचांतून तिघींची जाडी वजा केली की दोन फटींना मिळून साडेचार इंच उरतात. एका फटीच्या वाट्याला सव्वादोन. तेवढ्यातून चेंडू जाऊ शकत नाही. लंपीचं दुःख कायमचं मिटलं.

आता योगायोग बघा. आर्टिलरी ग्राउंड म्हणजे तोफखान्याचं मैदान. आणि आपण मराठीत बोलरला काय म्हणतो? गोलंदाज! हा शब्द फारसी. तोफेतून गोळा डागणारा तो गोलंदाज. मराठ्यांच्या तोफखान्यात गोलंदाज होते. तोफा गेल्या, शब्द राहिला आणि त्याला क्रिकेटमध्ये नोकरी मिळाली. त्याच्याच चालीवर 'फलंदाज' घडला. 'यष्टी' हा शब्द संस्कृत, म्हणजे काठी. 'चीत' आखाड्यातला, पाठ लागली की पैलवान चीत. या सगळ्यांची मोट बांधून मराठीनं त्रिफळाचीत, यष्टिचीत, पायचीत, धावचीत असे शब्द केले. एका शब्दात संस्कृत काठी आणि आखाड्यातली लाल माती एकत्र, आणि पलीकडे फारसी गोलंदाज चेंडू घेऊन उभा. कविता लिहिणाऱ्या माणसाला हे बघून आनंद होतो. माझ्यासारख्या मुसलमान घरातल्या मराठी कवीला जरा जास्तच होतो.

हे शब्द आमच्या घरात आले ते रेडिओवरून. बाळ ज. पंडित यांचं मराठी धावतं समालोचन लागलं की चहाच्या टपरीवर गर्दी जमायची. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेले. खेळाचे मराठी शब्द लोकांच्या तोंडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. माझी आजी निरक्षर, पण रेडिओजवळ बसायची. "त्रिफळा उडाला!" असं ऐकून तिनं एकदा विचारलं होतं, "कुणाचं पोट बिघडलं?" तिच्या लेखी त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. आमच्या डोंगरातले आदिवासी ही फळं गोळा करून बाजारात आणत आणि आजी घरी चूर्ण करायची. तीन दांड्यांना तीन फळांचं नाव मिळावं, हे तिला मुळीच चुकीचं वाटलं नाही.

दांड्यांइतकंच त्यांच्यामधलं अंतरही ऐकण्यासारखं आहे. एका टोकाच्या दांड्यांपासून दुसऱ्या टोकाच्या दांड्यांपर्यंत २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. हा आकडा इंग्रजांच्या जमीन मोजायच्या साखळीचा. आपल्याकडे मोजणीला जी शंकूसाखळी वापरत ती ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. तेव्हा खेळपट्टीची लांबी बरोबर दोन साखळ्या. एका खेळपट्टीइतका रुंद आणि दहा खेळपट्ट्यांइतका लांब तुकडा घेतला की बरोबर एक एकर भरतो. कर्जत-खालापुरात आज गुंठ्याचा भाव तोंडपाठ नसलेला माणूस सापडणार नाही. पण क्रिकेटचं पिच दोन गुंठ्यांच्या बांधाएवढं लांब असतं, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आम्ही मात्र भातकापणीनंतर खाचरांत खेळायचो तेव्हा बांधच आमची सीमारेषा असे. धसकटं उपटून पट्टी करायची आणि अंतर पावलांनी मोजायचं.

तर ही मोजलेली पट्टी कोण तयार करतं? रोलर कोण फिरवतं, चुन्याची रेघ कोण मारतं? इथं मला बाळू पालवणकरांची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

त्यांचा जन्म १८७६चा. चांभार समाजातलं कुटुंब, वडील लष्करी नोकरीत. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा, हे त्यांचं पहिलं काम. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथं चार रुपये मिळू लागले. खेळपट्टीची आखणी करायची, सरावाच्या जाळ्या उभारायच्या, वेळ पडली तर टेनिसच्या कोर्टावरही रेघा मारायच्या. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारं कोणी लागे म्हणून त्यांच्या हाती चेंडू आला. डावऱ्या हातानं ते फिरकी टाकत. ग्रेग नावाचा कप्तान त्या काळचा मोठा फलंदाज. तो रोज इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करायचा. बाळूंनी बाद केलं की तो दर खेपेला आठ आणे बक्षीस द्यायचा, असं सांगतात. चेंडू टाकायला बाळू चालत. पण बॅट त्यांच्या हाती कोणी दिली नाही. बॅट हे साहेबांचं काम.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं. या गोलंदाजाला संघात घ्यावं की नाही, यावर वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानावर सगळ्यांनी एकाच चेंडूला हात लावायचा आणि चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा द्यायचा. जेवणही वेगळं. चेंडूला विटाळ होत नव्हता, कपाला होत होता. त्यांनी बोलून उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही. ते दांड्या उडवत राहिले. १९०६ साली मुंबईत हिंदू संघानं युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा हात होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ हरत होता, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२३ साली ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. १९३७ साली बाळू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसतर्फे निवडणूक लढले आणि हरले. १९५५ साली ते वारले.

१८९६च्या प्लेगनंतर बाळू पुणं सोडून मुंबईला आले. पुण्याहून मुंबईला येणारी गाडी बोरघाट उतरून कर्जतलाच थांबे. म्हणजे हा माणूस आमच्या भिसेगावच्या अंगावरून गेला असणार. स्टेशनाच्या पुलावर उभा राहून मी कधी कधी घाटातून उतरणारी गाडी बघतो तेव्हा हे मनात येतं.

मघाशी चौरंगी म्हणालो. १९१२ साली मुस्लिम संघ आला तेव्हा हे सामने चौरंगी झाले, १९३७ साली पंचरंगी झाले आणि १९४६ साली बंद पडले. धर्मावरून संघ पाडायचे ही कल्पना आज आपल्याला विचित्र वाटते. तेव्हाही अनेकांना वाटत होती. माझे आजोबा सांगायचे, की सी. के. नायडू हिंदूंकडून आणि वझीर अली मुसलमानांकडून एकमेकांसमोर उभे राहायचे. पण १९३२ साली लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी झाली तेव्हा तेच दोघं एका संघात होते. "स्टंपाला काय ठाऊक कोण कुणाचा," असं ते म्हणत आणि बिडी पेटवत. पुढे मी कालुस्त्याच्या गुलाम परकरांना १९८२ साली त्याच लॉर्ड्सवर कसोटी खेळताना रेडिओवर ऐकलं. कोकणातल्या गावाचं नाव घेऊन आमच्या घरात त्या दिवशी जो गलका झाला, तो मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्याच वर्षी, २५ जून १९८३ रोजी, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या बलविंदरसिंग संधूनं ग्रीनिजला बाद केलं. ग्रीनिजला वाटलं चेंडू बाहेर जातोय, म्हणून त्यानं बॅट वर उचलून सोडून दिला. चेंडू आत आला आणि ऑफ स्टंपवर आदळला. आपली ऑफची दांडी कुठे आहे हे न बघता कळणं, यातच फलंदाजी आहे असं जुनी माणसं सांगत. त्या दिवशी एका थोर फलंदाजाला ते क्षणभर कळलं नाही.

या दांड्यांपाशी आपल्या माणसांच्या किती कहाण्या आहेत! डिसेंबर १९४७मध्ये सिडनीच्या कसोटीत विनू मांकडांनी चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राऊनला धावचीत केलं. त्याआधी दौऱ्यातल्या एका सामन्यातही केलं होतं. तिकडच्या वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला, डॉन ब्रॅडमननं मात्र मांकडांची बाजू घेतली. तरी पुढची पाऊणशे वर्षं त्या कृतीला मांकडांचं नाव शिवीसारखं चिकटलं. २०२२ साली नियमांच्या पुस्तकात ती 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या 'धावचीत'च्या कलमात घातली. जानेवारी १९८८मध्ये मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध बडोद्याच्या किरण मोरेनं एका डावात पाच आणि सामन्यात सहा जणांना यष्टिचीत केलं. दोन्ही विक्रम. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी डर्बनला टीव्हीची चित्रं पाहून तिसऱ्या पंचानं पहिल्यांदाच एका फलंदाजाला बाद दिलं. तो फलंदाज होता आपला सचिन, ११ धावांवर धावचीत.

नियम सांगतो, की किमान एक बेल दांड्यांवरून पूर्ण सुटली किंवा दांडीच जमिनीतून उखडली, तरच विकेट मोडली असं मानायचं. पाच इंचांहूनही कमी लांबीच्या त्या दोन काड्या खऱ्या साक्षीदार. वारा फार असला तर पंच जड लाकडाच्या बेल्स लावतात. आता तर त्यांत दिवे आले. बेल सुटली की लाल उजेड. पण दिवे आले तरी साक्षीदार कधी कधी गप्प बसतो. ९ जून २०१९ रोजी ओव्हलवर विश्वचषकाच्या सामन्यात बुमराचा चेंडू वॉर्नरच्या बॅटची कड घेऊन दांडीवर आदळला आणि बेल पडली नाही. वॉर्नरनं ५६ धावा केल्या. भारत ३६ धावांनी जिंकला म्हणून आपण ते विसरलो. उलट २२ एप्रिल २०२३ रोजी वानखेडेवर अर्शदीप सिंगनं लागोपाठच्या दोन चेंडूंवर मधल्या दांडीचे दोन तुकडे केले. दिव्यांची महागडी दांडी, दोनदा! लंपी माळ्याला ते बघून बरं वाटलं असतं.

आता माझं खोटं.

आमच्यात कातकरी वाडीवरचा एक मुलगा खेळायला येई. आमच्यापेक्षा वेगानं चेंडू टाकायचा. आम्ही त्याला चेंडू टाकायला देत होतो, काटेरी कुंपणात गेलेला चेंडू आणायलाही तोच. बॅट मात्र माझ्या मामांनी मुंबईहून आणलेली, आणि ती कोणाला द्यायची हे मी ठरवायचो. त्याची पाळी येईस्तोवर नेहमी अंधार पडे. अंधार खरा पडे, यात खोटं काही नव्हतं. पण पाळ्या मीच लावायचो.

एका संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. टेनिसचा चेंडू ओला, भिंत ओली. त्याचा चेंडू माझ्या बॅटखालून गेला आणि मधल्या रेघेवर आपटला. मी वळून उचलला तर त्यावर कोळशाचा काळा डाग. मी तो चड्डीला पुसला आणि म्हणालो, "नाय लागला. बाहेरून गेला."

"लागला ना रे," तो म्हणाला.

बाकीची पोरं माझ्या बाजूनं बोलली. बॅट माझी होती. त्यानं चेंडूकडे बघितलं, मग माझ्या चड्डीकडे बघितलं. काही न बोलता मागे गेला आणि पुढचा चेंडू टाकला. घरी अम्मीनं तो डाग बघून मला धोपटलं, पण कशाबद्दल धोपटायला हवं ते तिला माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो खांद्यावर तीन काठ्या घेऊन आला. धामणीच्या. धामण चिवट, वाकली तरी मोडत नाही. कुऱ्हाडीचे दांडे तिचे करतात. विलायतेत स्टंपाला ॲश नावाचं लाकूड वापरतात, तेही हत्यारांच्या दांड्यांचंच लाकूड, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. त्यानं कोयत्यानं काठ्यांना खाली टोकं काढली होती आणि वर बेल्ससाठी खाचाही पाडल्या होत्या. बेल्स म्हणून बांबूच्या दोन काड्या. "आता भिंत नको," एवढंच म्हणाला. जमिनीत थोडं पाणी ओतून त्यानं त्या काठ्या रोवल्या आणि तिसऱ्या की चौथ्या चेंडूवर माझी मधली दांडी उडवली. काडी गिरणीच्या पायरीपर्यंत गेली. या वेळी पुसायला काही नव्हतं.

दिवाळीनंतर त्याच्या घरची माणसं वीटभट्टीवर गेली. तोही गेला. परतल्यावर तो खेळायला आला नाही आणि मी बोलवायला गेलो नाही. त्या काठ्यांवर आम्ही आणखी दोन वर्षं खेळलो.

पुढे बी. ए. करताना आणि नंतर बाळूंबद्दल, लंपीबद्दल वाचलं तेव्हा मला तो मुलगा आठवला. इतिहासातली मधली दांडी का आली, हे त्यानं मला पुस्तकाच्या आधी दाखवलं होतं. आज भिसेगावातून जाताना टर्फवर, दिव्यांच्या उजेडात पोरं खेळताना दिसतात. लोखंडी पायावर बसवलेले प्लास्टिकचे स्टंप, चेंडू लागला की खडखडतात. मी थोडा वेळ उभा राहतो. कोण कुणाला बॅट देतंय, ते बघतो.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)